घंटी उशिरा वाजते

माझे डोळे गेले, असं अण्णा सगळ्या कारखान्यासमोर म्हणाले, त्याला आता चार महिने झाले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. मला बोलायला जमत नाही. चार माणसांनी माझ्याकडं पाहिलं की तोंडात आलेलं वाक्य मी गिळते, लहानपणापासून तसंच आहे. लिहिताना कुणी पाहत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायचं मी सोडलं नाही, पुडीच्या कागदापासून मुलीच्या पुस्तकांपर्यंत हाताला लागेल ते वाचते. तिच्या एका जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत. तेवढ्यात हे बसेल.

अण्णा म्हणजे आमचे मालक. बेळगावला लागून असलेल्या वडगावात त्यांचा साड्यांचा कारखाना आहे, पत्र्याच्या लांब शेडमध्ये बारा माग. मी तिथं एकोणीस वर्षं आहे. सुरुवातीला कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं. पुढं साड्या तपासायच्या टेबलावर बसले. हे टेबल म्हणजे उतरती काच आणि तिच्याखाली ट्यूबलाईट. मागावरून निघालेला तागा वरच्या रुळावरून काचेवर येतो आणि खालच्या रुळावर गुंडाळला जातो. मधे जी हातभर जागा उजेडात असते तिथं जे दिसायचं ते दिसतं. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, बुट्टीत चुकलेली ओळ. दिसलं की तिथंच काठाला लाल स्टिकर लावायचा. स्टिकर बघून रफूच्या बायका ती जागा नीट करतात.

टेबलाखाली पायानं दाबायची एक पट्टी होती. दाबली की रूळ हळू व्हायचा. साडीच्या अंगावर बुट्टी विरळ असते, तिथं मी रूळ पळवायची. पदर आला की पाय आपोआप पट्टीवर जायचा, कारण पदरात वीण दाट, रंग चार, चूक लपायला जागा जास्त. त्यासाठी मला कधी विचार करावा लागला नाही. पदर म्हणजे पाय खाली.

माझं माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची आणि संध्याकाळी त्या जमा करायला जायची, मी तिच्या पदराआड. तिथला तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलायचा आणि शेजाऱ्याशी बोलत बोलत बाजूला टाकायचा. "छाट." खराब, म्हणून बाद. एकदा मी घरी येताना आईला म्हटलं, "त्यानं बघितलंच न्हाय की गं." आई म्हणाली, "गप चल." ती कधी बोलली नाही आणि मीही तिच्यावरच गेले. पण टेबलावर बसले त्या दिवशी एक ठरवलं, की नीट बघितल्याशिवाय कुणाच्या कापडाला स्टिकर लावायचा नाही. मागावर त्या साडीसाठी कुणीतरी पाय मोडेस्तोवर उभा असतो. पुढं जे झालं ते मला एवढं का लागलं, ते यावरून कळावं.

गेल्या दसऱ्याच्या आधी कारखान्यात कॅमेरा आला. टेबलावर आडवी लोखंडी पट्टी, तिच्यावर कॅमेरा, बाजूला कॉम्प्युटर आणि स्क्रीन. ते बसवायला बेळगावातून एक इंजिनियर मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, मूळच्या चिकोडीकडच्या, मराठी आणि कन्नड सारख्याच वेगानं बोलायच्या. त्यांनी सांगितलं ते असं. कॅमेरा चालत्या कापडाचे एकामागून एक फोटो काढतो. कॉम्प्युटर प्रत्येक फोटो तपासतो. चूक सापडली की फोटो लाल चौकटीत स्क्रीनवर येतो आणि घंटी वाजते. घंटी वाजली की बाईनं स्टिकर लावायचा. रूळ एका वेगानं चालणार, म्हणून पायाची पट्टी काढून टाकली.

पट्टी काढताना मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली, कॅमेऱ्यालाही हार घातला. कांड्या भरणारी माझी मैत्रीण मोठ्या आवाजाची आणि मोठ्या टिकलीची. तिनं भक्तिभावानं कॅमेऱ्याच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं. मशीन चालू होतं. लगेच घंटी वाजली आणि स्क्रीन लालभडक झाला. मॅडम धावत आल्या आणि रुमालानं काच पुसायला लागल्या. मैत्रीण म्हणाली, "बघा, आशीर्वाद दिला म्हणून वरडतंय!" सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी घंटी लगेच वाजली होती, हे मला पुढं आठवलं.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग मला जाणवायला लागलं, की पदराला सुटलेला धागा माझ्या समोरून जातो, खालच्या रुळाशी पोचतो, रुळात गुंडाळला जातो आणि मग घंटी वाजते. तोवर उजेडात पुढचं कापड आलेलं असतं, चांगलं, स्वच्छ. घंटी म्हणते इथं स्टिकर लाव. माझी नजर म्हणते, चूक मघाशीच गेली. मी दोन दिवस माझ्या नजरेनं स्टिकर लावले. संध्याकाळी अण्णा दिवसभरातल्या घंट्यांचे फोटो छापलेला कॉम्प्युटरचा कागद घेऊन आले.

"घंटी न वाजता एवढे स्टिकर कशाला लावलीस?"

मी खाली बघत म्हटलं, "घंटी उशिरा वाजतीया, अण्णा."

"घंटी उशिरा वाजत न्हाय, तू उशिरा बघतीस. मशीन लई महाग आणलंय. घंटी वाजली की स्टिकर, न्हाय वाजली की न्हाय. तुझं डोकं मधी घालू नगंस."

ते वाक्य बोलायला मला दोन दिवस लागले होते. आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही. बरं, म्हटलं. मी घंटी ऐकून स्टिकर लावू लागले. चांगल्या कापडावर लाल स्टिकर लावताना माझा हात जड व्हायचा. रफूच्या बायका स्टिकरची जागा उजेडात धरून शोधायच्या, काही नाही. आणि जी खरी फाटकी जागा, ती घडीत गुंडाळून दुकानात जायची.

रफूच्या बायकांची कुरकुर वाढली म्हणून अण्णांनी मॅडमना एकदा बोलावलं. त्या सकाळी आल्या, तागा नुकताच चढवलेला, काचेवर साडीचं विरळ बुट्टीचं साधं अंग चाललेलं. त्यांनी कापडावर पेनानं ठिपका केला. ठिपका कॅमेऱ्याखाली गेला, घंटी वाजली, स्क्रीनवर ठिपका. सगळं जागच्या जागी. त्या अण्णांना म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे. ऑपरेटरचं लक्ष कमी पडत असेल." ऑपरेटर म्हणजे मी. मी चार पावलांवर होते. पदर यायला अजून थोडा वेळ होता, तेवढा वेळ त्या थांबल्या नाहीत. थांबा, पदर येऊ द्या, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, हा माझा दोष. पण चार पावलांवरच्या बाईला एक शब्द विचारावासा वाटला नाही, हा त्यांचा.

मग निपाणीच्या एका दुकानदारानं साड्या परत पाठवल्या. प्रत्येक पदराला कुठं ना कुठं धागा सुटलेला आणि स्टिकरची खूण मात्र भलतीकडं. अण्णांनी त्या साड्या टेबलावर टाकल्या. सगळे माग थांबवायला लावले, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"हे बघा. एवढं भगदाड हिला दिसलं न्हाय. डोळे गेले हिचे! उद्यापासनं ही कांड्यावर. डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय टेबलाला हात लावायचा न्हाय."

माग बंद असले की शेडमध्ये एवढी शांतता असते की कान दुखतात. सगळे माझ्याकडं बघत होते. मला ते भगदाड दिसलं होतं. ती निळी साडी होती, मोराच्या पदराची, आणि तो धागा जाताना माझा हात उचललाही होता. घंटी वाजली नाही म्हणून मी तो परत मांडीवर ठेवला होता, त्यांनीच सांगितलं म्हणून. हे मी म्हणाले नाही. मी उठून कांड्यांकडं गेले आणि माझी मैत्रीण माझ्या टेबलावर गेली.

इतक्या वर्षांनी परत कांड्या. बायका येता-जाता म्हणायच्या, "आक्का, सुई ओवून देऊ काय?" चेष्टाच होती, पण घरी आल्यावर भाकरी थापताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, धूर. आमच्याकडं गॅस आहे.

पण हात कांड्यांवर असताना डोकं मोकळं असतं. एका दुपारी मागावरचा विणकर ओरडत आला, "ही हिरवी का आली? मी सकाळीच सांगितलंय, आता पिवळी." मी पिवळ्या सकाळपासूनच भरत होते. पण टोपली मोठी होती आणि विणकर खालच्या फटीतून कांड्या ओढून घेतो, म्हणजे जी आधी पडली ती आधी जाते. टोपलीत हिरव्या शिल्लक होत्या. त्या संपेपर्यंत पिवळ्याची पाळी कशी येणार? मी सकाळी भरलेलं मागाला दुपारनंतर कळत होतं.

माझा हात चाकावर थांबला. कॅमेऱ्याचंही हेच होत होतं. कॅमेरा फोटो काढत होता वेळेवरच. पण कॉम्प्युटरला साधं अंग तपासायला थोडा वेळ, पदर तपासायला जास्त वेळ. पदर आला की फोटो टोपलीत साठत जात. घंटी वाजत होती ती टोपलीच्या खालच्या फोटोसाठी. वर काय पडतंय ते तिला अजून माहीतच नव्हतं. आणि तागा बदलताना, चहाला रूळ थांबला की ती टोपली हळूहळू रिकामी होत होती, म्हणून सकाळी मॅडमना सगळं बरोबर दिसलं. खंडेनवमीला रूळ थांबलेलाच होता, म्हणून कुंकू लगेच दिसलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी मैत्रिणीजवळ गेले. पदर चालला होता. मी कपाळाची टिकली काढली.

"काय गं, मला लावतीस?"

"कापडाला."

"तुझी बारकी हाय, कॉम्प्युटरला बी दिसायची न्हाय." तिनं आपली काढली, रुपयाएवढी. "ही लाव. कुंकवाला वरडलंय, टिकलीला बी वरडंल."

मी टिकली पदरावर चिकटवली. ती कॅमेऱ्याखालून गेली. आम्ही दोघी मनात मोजू लागलो. टिकली खाली रुळाशी आली तेव्हा मी ती काढून घेतली. मैत्रीण ओठ हलवत मोजतच होती. एकोणीसला घंटी वाजली आणि स्क्रीनवर लाल चौकटीत तिची टिकली आली. टिकली माझ्या बोटावर होती.

"अगं बया," ती म्हणाली. "हे तर कालचा पेपर वाचतंय."

संध्याकाळी कॉम्प्युटरच्या कागदावर तो फोटो निघाला. अण्णांनी तिला झापलं, कापडाला टिकली चिकटली आणि तुला दिसली नाही म्हणून. ती काही ऐकून घेणारी नाही. "आता माझे बी गेले काय डोळे? मग एकदाच सांगा की, सगळ्या कारखान्याला डॉक्टरकडं गाडी करा." पण टिकली कशाला लावली होती, हे तिनं सांगितलं तरी त्यांनी ऐकलं नाही. बायकांचे खेळ, म्हणाले.

मग मी बेळगावच्या कॅम्पातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. खुर्चीत बसवून त्यांनी एकेक काच बदलली, अक्षरं वाचायला लावली. खालची सगळ्यांत बारीक ओळ मी वाचली आणि त्याखाली कागद छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, तुम्हाला इथं पाठवलं कुणी?" त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. अनोळखी माणसाकडं मी कधी काही मागितलं नव्हतं. म्हटलं, "मराठीत लिहून देता? मोठ्या अक्षरात." त्यांनी दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. बसमध्ये मी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी राग जास्त आला. माझ्या डोळ्यांबद्दल मला दुसऱ्या माणसाचा कागद घेऊन फिरावं लागत होतं.

सोमवारी अण्णांनी मॅडमना परत बोलावलं होतं. निपाणीचे ते दुकानदारही आले होते, स्वतः बघायला. मशीन चालू, मैत्रीण टेबलावर, साडीचं अंग संपून पदर सुरू झालेला. सगळे स्क्रीनभोवती उभे. अण्णांची नजर माझ्याकडं गेली.

"आणलीस काय चिठ्ठी?"

हात पुढं केलेला. पाच-सहा माणसांनी माना वळवल्या. चिठ्ठी त्या हातात ठेवली असती तर त्यांनी ती न वाचता खिशात घातली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. मी त्यांच्या हातासमोरून पुढं गेले. टेबलाशी जाऊन स्टिकरच्या दोन तुकड्यांनी चिठ्ठी पदरावर चिकटवली, अक्षरं वर करून. ती कॅमेऱ्याखालून गेली, उजेडातून उतरली. रुळाशी मी ती काढली, घडी करून कमरेला खोचली आणि मैत्रिणीच्या मागं जाऊन उभी राहिले.

"अगं, काय करतीस? चिठ्ठी दे म्हटलं."

स्क्रीनवर नुसता पदर होता. मैत्रीण मोजत होती, आता मोठ्यानं. "पंधरा. सोळा."

"काय मोजतीस गं तू?" अण्णा चिडले.

"थांबा की. अठरा."

घंटी वाजली. स्क्रीनभर लाल चौकटीत चिठ्ठी आली. अक्षरं तळहाताएवढी. दुकानदारांनी मोठ्यानं वाचलं, "यांचे दोन्ही डोळे उत्तम आहेत. लांबचं व जवळचं स्पष्ट दिसतं."

अण्णा वाकले आणि काचेवर चिठ्ठी शोधू लागले. काचेवर नव्हती. रुळाखाली बघितलं, तिथंही नव्हती. मी कमरेची चिठ्ठी काढून समोर धरली. मॅडमनी एकदा चिठ्ठीकडं पाहिलं, एकदा स्क्रीनकडं, जिथं ती अजून दिसत होती. त्यांचा चेहरा उतरला. "आक्का," त्या हळूच म्हणाल्या, "परत एकदा करा."

परत एकदा केलं. मग साध्या अंगावर केलं, तिथं दोनला घंटी वाजली.

अण्णांनी काय म्हणावं? "मग आधी का न्हाय सांगितलंस?"

हे लिहितानाही पेन दाबून चालतंय, मागच्या पानावर अक्षरं उमटतील. मी सांगितलं होतं. त्याच टेबलाशी, त्याच तोंडानं.

मॅडम मात्र दुपारी कांड्यांजवळ फरशीवर येऊन बसल्या. एकटं माणूस असलं की मला बोलता येतं. त्या आधी म्हणाल्या, "चुकलं माझं. मी थांबायला पाहिजे होतं." एवढं म्हणणारं त्या शेडमधलं ते एकच माणूस. मग त्यांनी सांगितलं, की कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामधे एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॅमेऱ्याकडून फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटर मोकळा होईपर्यंत ठेवून घ्यायचे हे त्याचं काम. त्या ठेवायच्या जागेला बफर म्हणतात. एकही फोटो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी शंभर फोटो मावतील एवढी जागा ठेवली होती.

"मोठी टोपली," मी म्हटलं.

"मोठी टोपली."

त्यांनी आधी सोपा उपाय केला. जागा एकाच फोटोची. नवा आला की जुना टाकून द्यायचा. मला परत टेबलावर बसवलं, कारण आता चिठ्ठी होती. घंटी वेळेवर वाजू लागली, अण्णा खूश. दुसऱ्याच दिवशी पदरात एक सुटलेला धागा माझ्यासमोरून गेला आणि घंटी वाजलीच नाही, उशिरासुद्धा नाही. त्याचा फोटो टाकून दिलेल्यांत गेला होता. मी घंटीविना स्टिकर लावला. अण्णा बघत होते. या वेळी कागद घेऊन आले नाहीत.

मॅडम तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना माझी कांड्यांची रीत दाखवली. मोठी टोपली मी त्या हिरव्या-पिवळ्याच्या घोळानंतरच बंद केली होती. दोन लहान टोपल्या, एक मागाजवळ, एक भरणारीजवळ. विणकराची रिकामी झाली की अदलाबदल. म्हणजे शिळं काही साठत नाही आणि मागही अडत नाही. "आणि तुमची भरली अन् त्याची रिकामी झाली नसली तर?" त्यांनी विचारलं.

"मग चाक थांबवायचं. कांडी कशाला टाकून द्यायची? तुमचा रूळ का थांबत न्हाय?"

मी पुढं म्हटलं, "टेबलाखाली पट्टी हुती. पदराला मी हळू करायची. ती तुम्ही काढलीसा."

त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. म्हणाल्या, "व्हय. काढली."

आता तसंच केलंय. थोड्याच फोटोंच्या जागा, त्या पाळीनं भरायच्या आणि रिकाम्या करायच्या. जागा भरत आली की रूळ आपण होऊन हळू होतो. प्रत्येक फोटोवर कापडाचं माप पडतं, किती हात कापड गेलं ते. म्हणजे थोडा उशीर झालाच तरी स्टिकर कुठं लावायचा ते कळतं. पदर आला की रुळाचा आवाज उतरतो. माझा पाय अजूनही तेव्हा जमिनीवर दाबला जातो, पट्टी नसताना.

एवढ्यावर मी समाधान मानायला हवं, असं हे म्हणतात. टेबल परत मिळालं, अजून काय पाहिजे. मला काय पाहिजे ते मला माहीत होतं. सगळे माग थांबवून, सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलली गेली होती. ती परत घ्यायला एकही माग थांबवला नाही.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरकडचे एक व्यापारी कारखाना बघायला आले. अण्णा त्यांना मशीन दाखवत होते. मी टेबलावर, पदर चाललेला. अण्णा कौतुकानं सांगत होते, "सुरुवातीला थोडा त्रास झाला. आमच्या बाईला नीट दिसत नव्हतं. मग मॅडमनी मशीन सुधारलं, आता काय काळजी न्हाय."

माझा हात कापडावर होता. कानाच्या पाळ्या तापल्या. वर बघायचं धाडस झालं नाही, म्हणून कापडाकडं बघतच म्हटलं, "दिसत हुतं."

"आँ?"

"मला दिसत हुतं, अण्णा. घंटी उशिरा वाजत हुती."

आवाज माझाच होता, पण एवढा मोठा मी तो कधी ऐकला नव्हता. माग चालू असूनही ऐकू गेला असावा, कारण कांड्यांकडून मैत्रीण ओरडली, "बोलली बाई!" व्यापाऱ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग रुळाकडं, मग दाराकडं हाक मारून चहा सांगितला. चूक झाली असं म्हणाले नाहीत. म्हणतील असं मला वाटलंही नाही. पण 'दिसत नव्हतं' हे त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, आणि व्यापाऱ्यांना पुढचं सांगताना त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

तेवढ्यात पदरात एक गाठ आली. मला आधी दिसली, घंटी मागून वाजली. मी स्टिकर लावला, गाठीवरच.